भिंतीतली भेग कोणाची?

आमच्या चर्चच्या दर्शनी सोप्यात, डाव्या हाताच्या कोपऱ्यात, जेथे भिंत आणि लाकडी तुळई एकत्र येतात तेथे, पाकोळ्यांची वसाहत होती. ती कधीपासून होती हे सांगू शकेल असे आज धर्मग्रामात कोणी उरलेले नाही. माझी आजी आपल्या लग्नाच्या दिवसाची एक आठवण सांगत असे. वरात चर्चच्या पायऱ्यांशी आली, वाजंत्री वाजू लागली, आणि त्या आवाजासरशी पाकोळ्यांचा थवा सोप्यातून भर्रकन बाहेर पडला. एक पीस तरंगत तिच्या माथ्यावर येऊन टेकले. सासूने त्याला शुभशकुन म्हटले की अपशकुन, हे मात्र आजी दर वेळी वेगळे सांगे.

आम्ही मुले तिन्हीसांजेला आंजेलसच्या घंटेची वाट पाहत पायऱ्यांवर बसत असू. घंटा झाली की वीस-पंचवीस पाकोळ्या चीत्कार करीत मनोऱ्याभोवती गोल फिरू लागत. घंटेनेच त्या उठतात अशी आमची पक्की समजूत होती. पुढे कळले की सूर्य कलला म्हणजे त्या आपल्या आपणच तशा फिरतात; घंटेचा आणि त्यांचा काही संबंध नाही. ही माहिती मिळाली तेव्हा मला थोडे वाईट वाटले होते.

पाकोळी म्हणजे नेमका कोणता पक्षी, हे येथे सांगणे बरे. काही भागांत फुलपाखराला आणि लहान वटवाघळालाही याच नावाने ओळखतात, आणि पुष्कळांची पाकोळी व भिंगरी यांत गल्लत होते. विजेच्या तारेवर ओळीने बसलेली दिसते ती भिंगरी. पाकोळी तारेवर बसू शकत नाही. तिच्या पायांची चारही बोटे पुढच्या दिशेला वळलेली असतात. त्यांच्या आधाराने खडबडीत भिंतीला लटकता येते, फांदी मात्र पकडता येत नाही. शास्त्रज्ञांनी तिच्या कुळाला दिलेल्या ग्रीक नावाचा अर्थच मुळी ‘पाय नसलेली’ असा आहे. आपल्याकडची घरपाकोळी चिमणीएवढी, धुरकट काळी. गळ्याशी पांढुरकी, शेपटीच्या वर पांढरा पट्टा, आणि पंख ताणलेल्या धनुष्यासारखे. ती खाते हवेत, पाणी पिते तेही तळ्यावरून उडता उडता. घरट्यासाठी लागणारी पिसे आणि काड्या वाऱ्यावर तरंगत असतानाच टिपते आणि स्वतःच्या लाळेने भिंतीला चिकटवते. युरोपातील तिच्या बहिणीविषयी स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली जे प्रसिद्ध केले ते वाचून मी दिवसभर दुसरे काही वाचू शकलो नव्हतो. पाठीवर बसवलेल्या सूक्ष्म यंत्रांच्या नोंदींवरून त्यांना असे दिसले की, वीण आटोपल्यावर आफ्रिकेत जाऊन पुन्हा परत येईपर्यंतचे दहा महिने त्यांतील काही पक्षी एकदाही खाली उतरले नाहीत. अवघे चाळीस ग्रॅम वजन, आणि दहा महिने पायाखाली काही नाही!

अंडी मात्र आकाशात ठेवता येत नाहीत. तेवढ्यासाठी तिला भिंत लागते. मनुष्य उंच घरे बांधू लागण्यापूर्वी ती कडेकपारीत आणि पोकळ झाडांत राहत असणार. आपण किल्ले बांधले, देवळे, मशिदी आणि चर्च बांधली, पूल बांधले. तिला ते नवे कडे वाटले आणि ती आत राहायला आली. आपल्या परवानगीची तिला कल्पनाही नव्हती, आणि आपल्याला तिच्या येण्याची.

आठ वर्षांपूर्वी चर्चच्या जीर्णोद्धाराचे काम निघाले. समितीत माझे नाव होते. शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाला अशा समित्यांत जागा लवकर मिळते. ईस्टर आटोपताच काम सुरू करून पावसाच्या आत संपवायचे ठरले. सोप्याचे छत गळत होते, तुळयांना वाळवी लागली होती, गिलावा जागोजाग सुटला होता. शिवाय घाण. लग्नाच्या दिवशी वधूच्या झग्यावर विष्ठा पडल्याची तक्रार दर मोसमात एकदा तरी येई आणि ती खोटी नव्हती. आराखड्यात एक ओळ होती : भेगा व कोपरे साफ करून बुजवणे, वर पीओपीचे नवे छत बसवणे. त्या कागदावर तिसरी सही माझी आहे.

बांबूंची परांची उभी राहिली. एके दिवशी सकाळच्या मिस्सानंतर दोन गवंड्यांनी लोखंडी सळईने तो कोपरा खरवडून काढला. अर्धा तास लागला असेल. मी आवारातच, आंब्याखाली टेबल टाकून सिमेंटच्या पावत्यांचा हिशेब लिहीत होतो. आवार झाडणाऱ्या मावशी टोपली घेऊन माझ्याकडे आल्या. टोपलीत पिसांचे आणि काड्यांचे गोळे होते व त्यांत सात पिल्ले होती. तीन हलत होती.

“मास्तर, ह्यांचं आता काय करायचं?” त्यांनी विचारले.

“मागं कुठंतरी ठेवून द्या, मावशी,” मी म्हणालो.

‘टाकून द्या’ असे न म्हणता मी ‘ठेवून द्या’ असे का म्हणालो ते मला ठाऊक आहे, आणि मावशींनाही ते कळले असावे. दुपारपर्यंत मांजरांनी पुढचे काम उरकले.

त्या संध्याकाळी थवा नेहमीसारखा मनोऱ्याभोवती फिरला आणि मग एकेक पाकोळी आपल्या कोपऱ्याकडे झेपावली. कोपरा नव्हता. त्या ओल्या गिलाव्याशी येत, क्षणभर फडफडत आणि परत फिरत. असे चार-पाच दिवस चालले. गिलाव्यावर त्यांच्या नखांचे बारीक ओरखडे उठले होते. गवंड्याने ते थापीने पुन्हा गुळगुळीत करून दिले. युरोपातील पाकोळी हिवाळ्यात दूर जाते, आपली घरपाकोळी बारमास येथेच राहते आणि विणीचा हंगाम नसतानाही रात्री घरट्यात झोपते. म्हणजे त्या दिवशी आम्ही त्यांची पिल्लेही काढली आणि अंथरूणही.

आता यात पाप कोणते? धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सर्वच शिकलो आहोत की, गंभीर पाप घडण्यासाठी तीन गोष्टी लागतात : विषय गंभीर असावा, पूर्ण जाणीव असावी आणि पूर्ण संमती असावी. येथे विषय जेमतेम पंचवीस ग्रॅम वजनाचा. जाणीव कोणालाच नव्हती. दुष्टपणा तर औषधालाही नव्हता. मुकादम भला माणूस, गवंडी पोटासाठी काम करणारे, समिती श्रद्धेने राबणारी, फादर प्रेमळ. मी ही गोष्ट पापनिवेदनात सांगितली असती तर फादरांनी बहुधा स्मित करून मला घरी पाठवले असते, आणि त्या भीतीनेच मी ती सांगितली नाही. तरीही टोपली डोळ्यांसमोरून हलेना. ज्याचा आपण कधी द्वेष केला नाही, ज्याच्याकडे आपण कधी नीट पाहिलेही नाही, त्याचे घर आपल्या हातून मोडले तर त्याला अपघात म्हणून सोडून द्यावे काय? मी तर साठ वर्षे त्या सोप्यातून ये-जा करीत होतो. पाकोळ्या तेथे आहेत हे मला ठाऊक नव्हते असे मी म्हणू शकत नाही. सही करताना ते मला आठवले नाही, एवढेच. आणि दुसरा प्रश्न असा की, भिंत तर आमची. पण तीन पिढ्या जी भेग दुसऱ्याच कोणाच्या उपयोगात होती, तीही आमचीच काय?

निवृत्त माणसाला वाचायला वेळ असतो. वाचता वाचता इटलीतील एका जुन्या रिवाजापाशी अडखळलो. तेथील काही जुन्या घरांच्या आणि मनोऱ्यांच्या भिंतींत ओळीने छिद्रे ठेवलेली आढळतात. पाकोळ्यांनी तेथे घरटी करावीत म्हणून ती मुद्दाम ठेवली जात, आणि हेतू होता पिल्ले खाण्याचा. आतल्या बाजूने हात घालून पिल्ले काढून घेत. एक मात्र मागे ठेवीत, म्हणजे आईबाप घरटे सोडून जात नाहीत आणि पुढल्या वर्षी पुन्हा येतात. वाचून प्रथम किळस आली. मग लक्षात आले की, त्या खवय्याने पाकोळीचे घर राखले होते. तिची वेळ त्याला ठाऊक होती, छिद्राचा आकार ठाऊक होता, घरट्यात किती तोंडे आहेत हे ठाऊक होते. आम्ही तिचे एकही पिल्लू कधी खाल्ले नसते. आम्ही तिच्यावर दगडही मारला नसता. आणि आमच्याकडून सगळी वसाहत अर्ध्या तासात गेली. निरुपद्रवी माणसाच्या हातून जे होते ते उपद्रवी माणसाच्या हातून झाले नव्हते, कारण उपद्रवी माणसाचे तिच्याकडे लक्ष होते.

म्हणून मग खाण्यासाठी पाळावे, असे कोणी म्हणणार नाही. पण या उदाहरणाने एक सोयीचा युक्तिवाद माझ्यापुरता निकालात निघाला. पाकोळीची बाजू मांडू लागलो की लोक लगेच विचारतात, “तिचा उपयोग काय?” आणि पक्षिमित्र लगेच सांगतात की ती कीटक खाते, म्हणून डास कमी होतात. कीटक ती खाते यात शंका नाही. पिल्लांसाठी नेताना ती शेकडो कीटकांची एक गोळी घशात भरून नेते. परंतु उद्या कोणी मोजून दाखवले की, त्या गोळीत डास थोडे आणि इतर हवाई किडेच फार, तर काय करायचे? सळई पुन्हा बाहेर काढायची? उपयोगावर उभे केलेले घर उपयोग संपला की पडते. आपण आपल्या म्हाताऱ्या माणसांविषयी असे बोलत नाही. निदान मोठ्याने बोलत नाही.

सृष्टीत इतकी विविधता का, याचे संत थॉमस अक्वायनस यांनी दिलेले उत्तर २०१५ च्या ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी पुन्हा आठवून दिले आहे. देवाचा चांगुलपणा एकाच प्राण्यातून पुरेसा प्रकट होऊ शकत नाही. एकात जे उणे राहते ते दुसऱ्यात भरून निघते, असा त्याचा आशय. त्यात मनुष्याच्या सोयीचा उल्लेख नाही. लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बाजारातल्या चिमण्यांचा भाव सांगतो. मत्तयमध्ये एका नाण्याला दोन आहेत, लूकमध्ये दोन नाण्यांना पाच. म्हणजे पाचवी फुकट घातलेली, जिची किंमत दुकानदारानेही लावली नाही. देवाला विसर पडत नाही तो तिचाही.

तरीही ‘विसर पडला’ हा गुन्हा कसा, हा प्रश्न राहतोच. त्याचे उत्तर मला जेथे मिळेल असे वाटले नव्हते तेथे मिळाले. जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात पक्ष्याच्या घरट्याविषयी एक नियम आहे. वाटेत घरटे दिसले आणि मादी अंड्यांवर किंवा पिल्लांवर बसलेली असली तर मादीला पिल्लांसह घेऊ नये. हा सहाव्या व सातव्या ओवीतला नियम पुष्कळांना ठाऊक असतो. त्याच्या लगेच पुढे, आठव्या ओवीत, एकदम घरबांधणीचा नियम येतो. नवे घर बांधशील तर गच्चीला कठडा कर; नाही तर कोणी पडले तर त्या रक्ताचा दोष घरावर येईल. दोन नियम असे शेजारी शेजारी का ठेवले असावेत याची विद्वानांनी काय मीमांसा केली असेल ती असो. मला तो शेजार फार बोलका वाटला. कठडा न बांधणारा कोणाला ढकलत नाही. पडणारा आपल्या पायाने पडतो. तरीही दोष बांधणाऱ्याचा, कारण घर बांधणाऱ्याने तेथे कोण येईल-जाईल याचा विचार आधी करायचा असतो. ‘मला दिसले नाही’ हे गवंड्याच्या तोंडी शोभेल. आराखड्यावर सही करणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. आपल्या देशाचा कायदाही फारसा वेगळे सांगत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी मोडणे किंवा विस्कटणे यांचा समावेश केलेला आहे. बंदुकीला हातही न लावता शिकारी होता येते, हे आमच्या समितीत कोणाला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते.

समितीतील एका स्नेह्याशी मी हे सारे बोललो तेव्हा तो संतापला. त्याचा राग मला लिहून ठेवला पाहिजे, कारण तो खोटा नव्हता. तो म्हणाला, “आपल्या धर्मग्रामात पावसाळ्यात गळणारी किती घरं आहेत, मास्तर? त्यांच्यासाठी तुम्ही एवढं वाचलंत का कधी?” मी गप्प राहिलो. कॅथोलिक धर्मशिक्षणाचा जो ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला त्यातही प्राण्यांशी ममतेने वागणे हे आपले देणे आहे असे सांगून झाल्यावर, माणसाचे दुःख निवारण्यासाठी जो पैसा खर्च व्हावा तो प्राण्यांवर उधळू नये असेही बजावले आहे. ही दोन्ही वाक्ये जवळजवळ आहेत आणि दोन्ही मला मान्य आहेत.

पण त्या एप्रिलात पाकोळ्यांसाठी पैसा लागणारच नव्हता. तो कोपरा शेवटी धरला असता, पिल्ले उडून जाईपर्यंत थांबलो असतो, नव्या छतात हातभर जागा मोकळी सोडली असती आणि विष्ठेसाठी खाली एक तिरपी फळी ठोकली असती, तर गरिबांच्या वाट्याचा एक रुपयाही कमी झाला नसता. नेहमीच असे स्वस्तात सुटेल असा माझा दावा नाही. कधी खरोखरच निवड करावी लागेल, आणि तेव्हा मी गळणाऱ्या घराच्या बाजूने हात वर करीन. मला शंका एवढीच आहे की, निवड करण्याची वेळ येण्यापूर्वीच आपण विषय संपवतो आणि मग गरिबांचे नाव पुढे करतो. त्याच जीर्णोद्धारात सोप्याच्या पायरीवर बसून मेणबत्त्या विकणाऱ्या वृद्धेची जागाही गेली. आराखड्यात तीही नव्हती. तिला तोंड होते, ती भांडली, म्हणून तिला फाटकाबाहेर जागा मिळाली.

गरीब आणि पाकोळी यांचा संबंध इंग्लंडमधील एका धर्मोपदेशकाने फार पूर्वी टिपून ठेवला आहे. गिल्बर्ट व्हाईट हे सेलबर्न नावाच्या खेड्यात राहणारे अँग्लिकन पाद्री. १७७४ च्या सुमारास त्यांनी पाकोळ्यांचे निरीक्षण करून लिहिले की, गावात दर वर्षी आठ जोड्या असतात; त्यांतल्या सुमारे निम्म्या चर्चमध्ये आणि उरलेल्या अगदी गरिबांच्या गवताने शाकारलेल्या झोपड्यांत. मधल्या, नीटनेटक्या घरांत त्यांना जागा नसावी. देवाचे घर आणि दरिद्र्याचे घर, या दोनच ठिकाणी फटी उरत. आपल्या वसई पट्ट्यातही कौलारू घरांना वळचण असे. त्या वळचणीला चिमण्या असत, पाकोळ्या असत, कधी वटवाघळेही. आता स्लॅबची घरे आली, आणि ती आली म्हणून मी दुःख करणार नाही. पावसात आढ्याखाली भांडी ठेवण्यात काय काव्य असते ते ज्यांनी ठेवली त्यांना विचारावे. पण स्लॅबला वळचण नसते.

इंग्लंडात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. ऑक्सफर्डच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या मनोऱ्यात १९४८ पासून पाकोळ्यांचा अभ्यास चालू आहे. हवेसाठी ठेवलेल्या झरोक्यांत लाकडी पेट्या बसवून त्या आतून पाहण्याची सोय केलेली आहे. हे काम सुरू करणारे डेव्हिड लॅक हे उत्क्रांतीचे अभ्यासक होते आणि श्रद्धावान ख्रिस्तीही. दोहोंचा मेळ कसा घालावा यावर त्यांनी १९५७ साली पुस्तकही लिहिले. पाऊस-थंडीत कीटक मिळेनासे झाले की पिल्ले अंगातली ऊब कमी करून दिवसचे दिवस उपाशी तग धरतात, हे अशा निरीक्षणांतून समजले. बाहेर मात्र घरांची दुरुस्ती वेगाने होत होती. ऊब टिकावी म्हणून फटी बुजवल्या गेल्या. कीटकही घटले, हेही एक कारण. १९९५ नंतरच्या पाव शतकात ब्रिटनमधील पाकोळ्यांची संख्या निम्म्याहून अधिक घटली आणि २०२१ मध्ये त्या धोक्यातील पक्ष्यांच्या लाल यादीत गेल्या. उपाय म्हणून तेथे एक पोकळ वीट निघाली आहे. ती इतर विटांसारखीच भिंतीत बसते, बाहेरून फक्त एक लहानसे छिद्र दिसते. नव्या घरांत ती सक्तीने बसवावी अशा अर्जावर एक लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या आणि जुलै २०२३ मध्ये त्यावर संसदेत चर्चा झाली. एका विटेसाठी संसद बसली, याचे मला हसूही आले आणि हेवाही वाटला.

पण पाकोळी आणि भिंत म्हटले की माझ्या मनात सगळ्यात आधी जेरुसलेम येते. राजा हेरोदने वाढवलेले मंदिर रोमनांनी इ. स. ७० मध्ये उद्ध्वस्त केले. त्याच्या चौथऱ्याची पश्चिमेकडील भिंत उरली. यहुदी बांधव तिच्यापुढे उभे राहून प्रार्थना करतात आणि कागदाच्या चिठ्ठ्या दगडांच्या सांध्यांत ठेवतात. दर वर्षी दोनदा त्या चिठ्ठ्या काढून जैतुनाच्या डोंगरावर आदराने पुरल्या जातात. त्याच भिंतीत, हात पोहोचत नाही अशा उंचीवर, पाकोळ्या घरटी करतात. हिवाळा संपता संपता त्या आफ्रिकेतून येतात. मार्च महिन्यात त्यांच्या स्वागताचा एक छोटासा समारंभही तेथे केला जातो, आणि भिंतीची निगा राखताना घरट्यांच्या भेगा मोकळ्या ठेवल्या जातात. २६ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी याच भिंतीशी उभे राहून यहुदी लोकांवर झालेल्या अन्यायाबद्दल देवाकडे क्षमा मागणारी चिठ्ठी दगडांच्या सांध्यात ठेवली. ते छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. वाकलेले वृद्ध पोप आणि भिंतीपर्यंत गेलेला थरथरता हात. छायाचित्राच्या चौकटीबाहेर, वरच्या दगडांत, पाकोळ्यांच्या विणीचा काळ होता.

याच मंदिराकडे पाहून ८४ व्या स्तोत्राचा कर्ता हेवा करतो. चिमणीला आणि तिच्या सोबतीच्या पक्षिणीला देवाच्या वेदीपाशी घरटे मिळाले आहे, आणि आपण मात्र दूर आहोत, ही त्याची तळमळ. पक्ष्यांमुळे वेदी विटाळली असे त्याच्या मनातही येत नाही. आणि यिर्मया संदेष्ट्याने आठव्या अध्यायात आपली वेळ ओळखणाऱ्या पक्ष्यांची जी नावे घेतली आहेत त्यांत एक शब्द ‘सीस’ असा आहे. भाषांतरकारांनी त्याला निरनिराळ्या पक्ष्यांची नावे दिली. आजच्या हिब्रू भाषेत मात्र ‘सीस’ म्हणजे पाकोळी. यिर्मयाला म्हणायचे होते ते असे की, आकाशातले पक्षीही आपली येण्याची वेळ चुकवत नाहीत, माझ्या लोकांना मात्र प्रभूचे नियम कळत नाहीत. मला तो अध्याय आता सरळ वाचवत नाही. आमच्या पाकोळ्या वेळेवर आल्या होत्या.

घाणीची आणि कलकलाटाची तक्रार उरते, आणि ती मी टाळणार नाही. प्रवचन चालू असताना सोप्यातून येणारा त्यांचा आवाज काही जणांना नकोसा होई. संत फ्रान्सिस यांच्या आरंभीच्या चरित्रात, चेलानोच्या थॉमस यांनी, अल्वियानो गावातली एक हकिगत दिली आहे. फ्रान्सिस उपदेशाला उभे राहिले तेव्हा तेथे घरटी करणाऱ्या भिंगऱ्या इतक्या किलबिलत होत्या की लोकांना ऐकू येईना. त्यांनी त्यांना बहिणी म्हणून हाक मारली आणि आपले बोलणे होईपर्यंत गप्प राहण्याची विनंती केली. त्या गप्प राहिल्या, असे चरित्रकार सांगतो. त्या खरेच गप्प राहिल्या की नाही यावर आमच्या स्नेह्याने हवा तेवढा वाद घालावा. फ्रान्सिसनी काठी मागवली नाही, यावर वाद नाही.

दोन वर्षांपूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गांसाठी नवी इमारत बांधायला घेतली. मी समितीत नव्हतो. आराखडा पाहायला मागितला आणि उत्तरेच्या भिंतीत, स्लॅबच्या खाली, दहा पोकळ्या ठेवाव्यात अशी विनंती केली. अभियंता तरुण होता, तो हसला. पण नव्या फादरांनी होकार दिला. पोकळ्या ठेवल्या गेल्या. खाली तिरपी फळीही आहे. संध्याकाळी एक मुलगा मोबाइलवर पाकोळ्यांचे आवाज लावून ठेवतो. परदेशात नव्या घरट्यांकडे त्यांना बोलावण्यासाठी तसे करतात. जुन्या सोप्यातला थवा कोठे गेला ते आम्हांला कळले नाही. अधूनमधून तीन-चार पाकोळ्या मनोऱ्यावरून जातात. त्याच की दुसऱ्या, कोणास ठाऊक.

मावशींनी आता काम सोडले आहे. गुडघे दुखतात. रविवारी मिस्सानंतर भेटल्या की त्या उत्तरेच्या भिंतीकडे पाहतात आणि विचारतात, “आल्या का, मास्तर?”

“चिमण्या आल्यात. तीन घरांत,” मी सांगतो.

“आणि त्या?”

“अजून नाही.”